सगळ्यात म्हातारा पुढे

कुटोआर्जोच्या रेल्वे फाटकापाशी त्या सकाळी जिकडे बघावं तिकडे लुरिकचे सदरे. काळ्यावर तपकिरी पट्टे, तपकिरीवर काळे पट्टे, डोक्याला ब्लांगकोन बांधलेलं, मांडीखाली काळी, जुनी, जड सायकल. जुन्या सायकलींच्या मंडळांचा मेळा गोम्बोंगला भरायचा होता, आणि अख्ख्या जावातली म्हातारी माणसं त्या एका रस्त्यानं पश्चिमेला निघालेली. फाटक पडलं, आगगाडी गेली, फाटक उघडलं. आणि पोनिराचा नवरा तिच्या पुढं नव्हता.

तिची नजर हटली होती ती एका पेल्यापुरती. पोनिरा बांतुलकडची, जामू विकणारी. पहाटे उठून हळद, आलं, चिंच, भिजवलेले तांदूळ वाटायचे, काढे बाटल्यांत भरायचे, बाटल्या सायकलीच्या मागच्या टोपलीत उभ्या करायच्या आणि गल्लोगल्ली हाक देत फिरायचं, यात तिचा जन्म गेलेला. दोन रात्री बाहेर राहायचं तरी बाटल्या बरोबर घेतल्याशिवाय तिला निघवलं नव्हतं. फाटकाशी एका परगावच्या बाईनं विचारलं, "बू, घोटभर मिळेल का हो? घसा पार सुकलाय." नाही म्हणणं पोनिराला जमत नाही. तिनं सायकल उभी केली, बूच काढलं, पेला विसळला, भरला. बाई प्यायली आणि म्हणाली, "अगदी माझ्या आईच्या हातची चव." आता आईचा विषय निघाल्यावर आई कुठली, आहेत का, कधी गेल्या, हे विचारायला नको? ते विचारेपर्यंत फाटक उघडलं होतं.

नवऱ्याचं नाव तुकिरान. उभा जन्म सायकलीवर टोफूच्या पेट्या लादून बाजाराला नेणारा माणूस. लग्नाआधी तिला बघायला आला तेव्हाही सायकलीवर दोन्ही बाजूंना पेट्या होत्या. जाता जाता माल टाकायचा होता म्हणे. पोनिराच्या आईनं मुलगा बघितला, पोनिरानं सायकल बघितली. चाकं सरळ होती. आता पेट्या गेल्या, पण त्या अडकवायचे दोन लोखंडी हात सायकलीला अजून तसेच. काढू म्हटलं की म्हणायचा, "असू दे. उद्या लागले तर?" तो तिला 'बुने' म्हणायचा, म्हणजे मुलाची आई, आणि ती त्याला 'पाकने', मुलाचा बाप. तो एकुलता मुलगा बातामच्या कारखान्यात कामाला, पण हाका त्याच्याच नावावर चालू.

आणि गेल्या दोन पावसाळ्यांपासून पाकने विसरायला लागला होता.

आधी चष्मा, मग चहात मीठ, मग आपली गल्ली. एक दिवस संध्याकाळी दारात बसून म्हणाला, "आई अजून आली नाही बाजारातून?" त्याची आई जाऊन इतकी वर्षं झालेली की तिच्या कबरीवरचं चाफ्याचं झाड आता मशिदीच्या कौलांना लागलंय. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं पोनिराला बाजूला घेऊन सांगितलं, हे आता उलटायचं नाही, सांभाळा. तिनं सांभाळलं. म्हणजे कुणाला कळू दिलं नाही. बातामहून मुलाचा फोन आला की वडील कायम आंघोळ करत असायचे. मुलगा एकदा म्हणालाच, "आई, बाबा इतके स्वच्छ कधीपासून झाले?"

मग त्याला एवढ्या लांब आणलंच कशाला, असं कुणीही विचारील. तर त्याला कारण होतं. सायकलीवर बसला की तो पहिल्यासारखा व्हायचा. पाय विसरले नव्हते. पाठ ताठ, हनुवटी वर, खड्डा आला की बरोबर डावी घ्यायची. मंडळात सगळ्यात म्हातारा तो, म्हणून रांगेत पुढंही तोच. हा सगळ्याच मंडळांचा रिवाज. वडीलधाऱ्याच्या चालीनं चालायचं, त्याच्या पुढं कुणी चाक काढायचं नाही. त्याच्या मागं पोनिरा, त्या पाठीवर डोळे लावून. घरात जे माणूस तिच्या हातून रोज थोडं थोडं निसटत होतं, ते रस्त्यावर तिला दिवसभर सबंध बघायला मिळायचं. एवढा लोभ तिला झाला. त्याला कुणी काही म्हणो.

फाटकाच्या पलीकडं आपल्या मंडळाची माणसं गोळा होईतो तिनं तिथला प्रत्येक सदरा दोनदा बघून घेतला होता. मंडळाचा प्रमुख कांग सुरादी माणसं मोजत होता.

"सिंबाह कुठं गेले?" त्यानं विचारलं. तुकिरानला सगळे सिंबाहच म्हणत, आजोबा.

पोनिरानं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण इतक्या दिवसांची सवय जिभेला. ती म्हणाली, "पुढं गेले असतील. पायांत जोर आलाय आज."

"मग काय! म्हातारा आपल्याला गोम्बोंगला चहा पाजणार," सुरादी हसला. हसताना त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "फोन आहे ना त्यांच्याकडं?"

फोन तिच्याच टोपलीत, बाटल्यांच्या मध्ये, फडक्यात गुंडाळलेला. तो हरवेल म्हणून तिनं ठेवून घेतलेला.

ती निघाली. रांग नाही, चाल नाही; समोर दिसेल त्या पट्ट्याच्या सदऱ्याच्या मागं. एकाला गाठलं, तोंड बघितलं, दुसराच. "क्षमा करा हं." पुढचा गाठला, तोही दुसराच, वर त्यानंच विचारलं, "कुणाला शोधताय बू?" रस्त्यात जेवढ्या पाठी तेवढ्या तुकिरानच्या आणि तोंडं सगळी परकी. एका म्हाताऱ्याचा तर तिनं मागून सदराच धरला. तो बिचारा पडता पडता वाचला आणि उलट तोच म्हणाला, "माफ करा हं, मी वाटेत आलो."

रस्त्याच्या कडेला तळणीची दुकानं, नारळवाले, सायकलीत हवा भरणारे. ती प्रत्येकाला विचारत गेली. "लुरिकचा सदरा, म्हातारे, सायकलीला पेट्यांचे लोखंडी हात. इकडून गेले का हो?"

"हो हो, गेले ना! आत्ताच."

"कसे होते? बरे होते?"

"अगदी बरे होते. हसत होते."

तेवढ्या शब्दावर ती पुन्हा जीव तोडून पेडल मारी. पुढं केळी विकणारा म्हणाला, हो गेले. त्याच्या पुढं चप्पल शिवणारा म्हणाला, गेले की, आता सापडतील. ऊन चढलं. ब्रेक दाबायचं तिला सुचेना. एका ट्रकनं इतका जवळून भोंगा वाजवला की एक बाटली टोपलीतून उडून रस्त्यावर फुटली आणि हळदीचा पिवळा ओघळ तिच्या मागं डांबरावर राहिला. तिनं वळून बघितलं नाही.

एका पुलाआधी पाववाला भेटला, उलट दिशेनं येणारा. तिनं विचारलं. तो आनंदानं म्हणाला, "हो, दिसले! तिकडं जात होते." आणि त्यानं हात केला तो मागं, पूर्वेला, ती जिथून आली होती तिकडं.

तिथं पोनिराला उमगलं. जे सारं आयुष्य तिनंही केलं होतं, ते आज तिच्यावर उलटलं होतं. कपाळावर आठ्या घालून कुणी विचारायला आलं तर 'माहीत नाही' असं तोंडावर कसं म्हणायचं? किती निष्ठुर दिसतं ते. म्हणून हो म्हणायचं, हात दाखवायचा, समोरच्याचं मन हलकं करून पाठवायचं. तिनं स्वतः किती जणांना असं पाठवलं असेल, ते बिचारे कुठं कुठं फिरले असतील. पाववाला अजून हसत उभा होता. ती त्याला म्हणाली, "उपकार झाले, भाऊ." दुसरं काय म्हणणार?

तो गेला आणि ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली. उजवीकडं भाताची खाचरं, डावीकडं ट्रकांची रांग. कुठल्या गावी, कुठल्या ओढ्यात, कुठल्या चाकाखाली तिचा माणूस असेल, आणि कुणी नाव विचारलं तर तो काय सांगेल? 'पाकने' सांगेल. या मुलखात पोरं असलेला प्रत्येक पुरुष पाकनेच.

मागून सामिनेम आली, धापा टाकत. सामिनेम मंडळात भजी तळणारी, जिभेची तिखट, पोनिराची बाळपणची मैत्रीण.

"मेली सायकल चालवतेस की विमान?" तिनं सायकल टाकली. "चल, उठ. मातीत काय बसलीस? सदऱ्याला मुंग्या चढतील."

"सामिनेम, ते विसरतात."

"हं."

"तसं विसरणं नव्हे गं. नाव विसरतात. घर विसरतात. परवा मला आई म्हणाले."

"हं."

"हं काय करतेस? मी तुला काय सांगतेय!"

सामिनेम तिच्या शेजारी बसली. चपलेतला खडा काढत म्हणाली, "अगं, माहीत आहे मला. सगळ्यांना माहीत आहे. ईदेला ते माझ्याकडं माफी मागायला आले. हात जोडले, वर्षभराचं सगळं पोटात घाल म्हणाले. मी घातलं. केक दिला. अर्ध्या तासानं परत आले. परत माफी, परत केक. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा माफ केलं मी त्यांना. केक संपले माझे."

पोनिरा तिच्याकडं वळली. "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस. तू पदराखाली झाकतेयस म्हटल्यावर मी कशी पदर ओढू? तुला लाज वाटली असती."

"आणि सुरादी?"

"तो प्रत्येक फाट्यावर मागून घसा फोडत 'पश्चिमेला, मंडळी, पश्चिमेला!' असं कुणासाठी ओरडतो? आम्हाला काय पश्चिम कळत नाही?"

पोनिराला रडू आलं, पण त्याआधी राग आला, इतका की हातातलं गवत तिनं मुळासकट उपटलं. "म्हणजे मी तुम्हाला दिसू देत नव्हते, आणि तुम्ही मला दिसलंय हे दिसू देत नव्हतात. आणि तो मधल्या मध्ये गेला! कुणाचं मन न दुखवता आपण सगळ्यांनी मिळून त्याला हरवलं, सामिनेम!"

सामिनेमनं यावर 'हं' केलं नाही. फोन काढला आणि सुरादीला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, मोठ्यानं, रस्त्यावर. पोनिरा ऐकत होती. इतक्या दिवसांनी ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडताना तिला अंगावरचं वस्त्र फेडल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी श्वासही जरा मोकळा आला.

सुरादीनं सगळ्या मंडळांना फोनवर निरोप धाडले: लुरिक घातलेले, ब्लांगकोन बांधलेले, काळ्या सायकलीवरचे आजोबा हरवलेत. चांगली माणसं. सगळ्यांनी लगेच शोधलं. थोड्या वेळानं फोन वाजायला लागला तो थांबेना. एकामागून एक म्हाताऱ्यांचे फोटो. चहा पिणारे, झोपलेले, दात नसलेले, एक तर चिडलेला. पोनिरा एकेक तोंड डोळ्यांजवळ नेऊन बघायची. हे नव्हेत. हे नव्हेत. हे तर बाईच आहेत.

"अशानं नाही सापडायचे," ती उठत म्हणाली. "आणि मी आता कुणाला 'गेले का' म्हणून विचारणार नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात."

"मग काय करणार? मुक्यानं शोधणार?"

"लोकांना बोलू देणार."

त्या दोघी परत फिरल्या. उन्हाच्या तावात, ट्रकांच्या धुरात, जिथं रस्ता फुटत होता तिथं तिथं उतरल्या. पोनिरा दुकानात जाऊन बसायची, काही विचारायची नाही. "आजचा दिवस कसा काय?" एवढंच. भजीवाला म्हणाला, छान. टायरवाला म्हणाला, देवाची कृपा. तेही सौजन्यच. दुपार कलायला लागली. तिच्या गुडघ्यांतून आता कळ मांडीपर्यंत चढत होती. मनात सारखं येत होतं की हे बसणं, हे गप्पा मारणं म्हणजे वेळ घालवणं आहे, तो तिकडं तहानेनं पडला असेल. प्रत्येक दुकानातून उठताना तिला वाटायचं, ओरडावं.

बुतुहजवळ एक वाट दक्षिणेला समुद्राकडं वळते. तिच्या तोंडाशी काळ्या दावेतचं, गूळ-नारळाच्या गार पेयाचं, दुकान. मालकीण भरल्या मडक्याशी माशा हाकलत बसलेली, चेहरा पडलेला.

"आजचा दिवस कसा काय?" पोनिरानं विचारलं.

"कसला दिवस!" बाई उसळलीच. "एवढी मडकी भरून ठेवली. मेळ्याची माणसं येतील म्हटलं. सगळी त्या मोठ्या रस्त्यानं गेली तोंड वर करून. एक जथा इकडं वळला, पंचवीस-तीस जण, म्हटलं चला. तर एक थांबेल तर शपथ! पुढं एक म्हातारा, सायकलीला कसले लोखंडी हात लावलेले, तो आपला सरळ समुद्राकडं. आणि मागचे सगळे माझ्या मडक्यांकडं बघत बघत त्याच्या मागं. लाळ गळत होती त्यांची, मला दिसत होती. पण थांबला कुणी नाही!"

पोनिरा उठली ती इतक्या झपाट्यानं की बाक उलटला. असला राग कुणी कुणाचं मन राखायला बनवत नाही. बाई खरं बोलत होती.

"दोन पेले प्यायल्याशिवाय जाऊ नका," बाई मागून ओरडली. सामिनेमनं उभ्या उभ्या दोन्ही पेले संपवले.

समुद्राकडची वाट सपाट, नारळांच्या मधून. वारा तोंडावर. गावं विरळ होत गेली आणि लाटांचा आवाज येऊ लागला. दक्षिणेचा समुद्र, तिथं पाय बुडवायला उतरलेली धडधाकट पोरं परत येत नाहीत. पोनिरानं काही मनात आणायचं नाही असं ठरवलं होतं, पण मन कुठं विचारून आणतं? तो किनाऱ्याला सायकल लावून चपला काढतोय, नीट एकाशेजारी एक ठेवतोय, असं तिला सारखं दिसत होतं. चपला नीट ठेवायची त्याला सवय.

समुद्राच्या अलीकडं किनाऱ्यालगतचा सरळसोट रस्ता लागला. तिथं कडेला, कलिंगडांच्या शेताशी, लुरिक घातलेला एक जाडजूड गृहस्थ पाय पसरून पोटऱ्या चोळत बसला होता.

"बाई, तुम्ही या भागातल्या का?" त्यानंच आशेनं विचारलं. "मी हारतोयो. आम्ही मागेतानचे, पूर्वेकडचे. गोम्बोंग अजून किती लांब आहे हो?"

"गोम्बोंग?" सामिनेम म्हणाली. "गोम्बोंग तुमच्या पाठीमागं आहे. सकाळपासून."

हारतोयोनं डोळे मिटले. "मला वाटलंच होतं."

"पुढं कोण आहे तुमच्या?" पोनिरानं पुढं होत विचारलं. "पेट्यांचे हात असलेली सायकल?"

"सिंबाह आहेत ना. फाटकापाशी आमच्या रांगेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. एवढे वयस्क, एवढे ताठ; आम्हाला वाटलं मेळ्यावाल्यांनीच वाट दाखवायला पाठवले. फाटक उघडलं, ते निघाले, आम्ही निघालो."

"आणि विचारलं नाही कुणी कुठं चाललात?"

हारतोयोनं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्याला पायातली चप्पल खायला सांगितली. "सगळ्यात वडील माणूस पुढं असताना मागून कसं विचारणार, बू? ते समुद्राकडं वळले तेव्हा वाटलं, तिकडं जेवणाची सोय असेल. मग पूर्वेला वळले. आमच्यातल्या एकानं फार धीर करून विचारलं, 'सिंबाह, सगळं ठीक ना?' ते म्हणाले, 'ठीक आहे.' मग काय बोलणार? फोनवर निरोपही आला, कुणी आजोबा हरवलेत म्हणून; पण सिंबाह तर आमच्या पुढंच होते. दुपारच्या नमाजाला थांबले, तिथं मशिदीत केळी मिळाली. तेव्हापासून..." त्यानं पोटावरून हात फिरवला. "सिंबाहना पाण्याची बाटली आम्ही देतोय अधूनमधून. त्याची काळजी नको."

पोनिराला त्याचा गळा धरावासा वाटला आणि पायही धरावेसे वाटले. तिनं दोन्ही केलं नाही. उरलेली आल्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि सायकलीवर चढली. पूर्वेला. म्हणजे तो समुद्रात निघाला नव्हता. तो बांतुलला निघाला होता, घरी.

सूर्य पाठीमागं उतरत होता आणि तिची सावली तिच्या पुढं लांब लांब होत चालली होती. सामिनेम मागं पडली; "तू हो पुढं, मी येते, मेले तर सांगते," असं काहीतरी ओरडली. बोगोवोंतो नदी जिथं समुद्राला मिळते तिथला पूल दिसायला लागला, आणि पुलावर गर्दी.

सायकली कठड्याला टेकवलेल्या. माणसं ओळीनं उभी, सगळी खाली पाण्यात बघत. कुणी बोलत नव्हतं. दोघा-तिघांनी ब्लांगकोन काढून हातात घेतलेलं.

पोनिराचे पाय पेडलवर होते तिथंच थांबले. सायकल आपल्या वेगानं पुढं जात राहिली. एवढी माणसं, अशी गप्प, पाण्याकडं बघत. त्याचा अर्थ एकच असतो. नदी भरतीनं फुगलेली, तांबडी झालेली. तिनं उभ्या जन्मात जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते तिच्या तोंडून किंकाळीसारखं निघालं.

"तुकिरान!"

सगळ्या ओळीनं वळून बघितलं. एक-एक परकं तोंड. आणि अगदी शेवटचा, पलीकडच्या टोकाचा, सावकाश वळला. तो होता. तो पाणी बघत थांबला होता, आणि तो बघतोय म्हणून मागेतानची सगळी माणसंही बघत होती.

ती सायकलीवरून उतरली की पडली, तिला पुढं कधी आठवलं नाही. ती त्याच्या समोर होती. ओठ सुकलेले, गालावर ऊन करपलेलं, पण अंगावर कुठं ओरखडा नाही. तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच, अपमान होणार नाही असा, सोडवून घेतला. किंचित वाकला.

"बाई, आपल्याला काही लागलं का? आपण कुठल्या?"

आपण. हा शब्द त्यानं सासऱ्यांना वापरला होता, मुलाच्या गुरुजींना वापरला होता. चुलीशी, अंथरुणात, भांडणात, मुलगा झाला त्या दिवशी, कधीही तिला नाही. पोनिराला वाटलं, नदीत सापडता तर निदान तिचा नवरा म्हणून सापडता. आणि तसं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

"बांतुलची," ती म्हणाली.

"वा! मीही तिकडचाच."

तेवढ्यात धूळ उडवत छोटा टेम्पो आला. सामिनेमचा फोन गेल्यावर सुरादीनं कुणाकडून तरी मागून आणलेला, मागं सामिनेम आणि पोटऱ्या चोळणारा हारतोयो. "सिंबाह!" सुरादी उडी मारून उतरला, रडवेला. "चला, बसा. सायकल आम्ही चढवतो. बू पोनिरा, तुम्ही पण बसा त्यांच्याजवळ."

तुकिराननं टेम्पोकडं बघितलं, मग पोनिराकडं. एक पाऊल मागं सरकला.

"नको. परक्या बाईंबरोबर गाडीत बसून घरी गेलो तर बरं दिसायचं नाही. बायको आहे मला."

मागेतानच्या माणसांनी माना खाली घातल्या. सामिनेम काहीतरी बोलायला गेली. पोनिरानं हातानंच तिला थांबवलं.

"बायको रागावेल का फार?" तिनं विचारलं.

"रागावते," तो म्हणाला, आणि दिवसात पहिल्यांदा हसला. "पण जेवायला वाढून झाल्यावर. आज तिला न सांगता निघालोय. जीव टांगणीला लागला असेल तिचा. अंधारायच्या आत पोचलं पाहिजे."

अंधारायच्या आत काही पोचणं होणार नव्हतं. बांतुल अजून कितीतरी लांब होतं. हे पुलावर सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला कसं सांगायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग सुरादी पुढं आला. तो बोलला, सगळ्यांदेखत, तोंडावर. "सिंबाह, आज नाही पोचायचं. लांब आहे. पुढच्या गावात मशीद आहे, तिथवर जाऊ आणि थांबू. तुमच्या बायकोला निरोप मी देतो."

तुकिराननं डोक्यावरचं ब्लांगकोन नीट केलं. "नक्की देशील?"

"देतो. आत्ताच देतो."

"बरं." त्यानं सायकल कठड्यापासून काढली. पाय टाकणार तोच पोनिराकडं वळला. "आपणही तिकडंच ना? मग आपण पुढं व्हा. बाईमाणसानं या वेळी मागं राहू नये."

"नको, मी मागून येते. मला सवय आहे."

"मी असताना? मुळीच नाही." आणि तो हात पुढं करून उभा राहिला. ती हलली नसती तर सकाळपर्यंत तसाच उभा राहिला असता. हे तिला पक्कं माहीत होतं.

पाठ दिसायची नव्हती. दिवसभर ज्या एका पाठीसाठी ती मैलोन्‌मैल फिरली, तीच आता मागं टाकून चालायचं होतं. तिनं सुरादीकडं बघितलं. सुरादीनं आपली सायकल टेम्पोतून उतरवून तुकिरानच्या मागं लावली, त्याच्या मागं हारतोयो कण्हत, आणि मग मागेतानची ती सगळी उपाशी रांग. टेम्पोनं मागून दिवे लावले.

पोनिरा निघाली. पूल उतरली. मान वळवली तर तिचीच सायकल हेलकावे खाते, दोनदा खड्ड्यात गेली. मग तिनं वळणं सोडलं आणि घंटी वाजवली, एकदा. मागून, जरा उशिरानं, त्याची घंटी वाजली. ती चार पेडल मारी आणि घंटी वाजवी. तिकडून आवाज येईपर्यंत श्वास धरी. आला की सोडी, आणि पुढची चार पेडल मारी.